आत्या पुढे

“ही तोफ आधी मागे न्या,” मी म्हणालो. “नवरदेव बसायच्या जागी तोफ? आणि तिचं तोंड थेट नवरीच्या गावाकडे? लग्नाला निघालात की लढाईला?”

आमच्या गलबताचा तांडेल रवळू हसला. लग्न त्याचंच होतं, त्यामुळे त्या पहाटे तो कशालाही हसत होता. “भटजी म्हणतत तर न्या रे आत्येक मागे,” त्यानं खलाशांना सांगितलं. चौघांनी ती तोफ गलबताच्या नाळेवरून, म्हणजे अगदी पुढच्या टोकावरून, उचलली आणि पिछाडीला नेऊन ठेवली. तिच्यावर मग तांदळाची पोती चढली, आहेराची गाठोडी चढली, आणि वर माझी पंचांगाची पिशवी.

तोफेला आत्या का म्हणायचे ते सांगितलं पाहिजे. रवळूची एक खरीखुरी आत्या होती, यसूआत्या. आईबाप गेलेल्या रवळूला तिनं लहानाचा मोठा केला होता. तिचा आवाज आमच्या वायंगड्याच्या बंदरातून निघाला की खाडीपलीकडे ऐकू जायचा, आणि तिनं एकदा तोंड उघडलं की समोरच्याचं आपोआप मिटायचं. खलाशांनी तोफेला तिचं नाव ठेवलं ते याच गुणांमुळे. ही गोष्ट तिच्या कानावर जाऊ नये म्हणून सगळे फार जपत. गेली असती तर त्यांची धडगत नव्हती.

त्या पहाटे यसूआत्याही नाळेजवळच बसली होती. मी घसा खाकरला. “यसूबाई, मुहूर्त लागेपर्यंत तुम्हीही जरा मागेच बसा. नवरदेवाच्या नजरेसमोर नको.”

तिला वयाच्या पंधराव्या वर्षी वैधव्य आलं होतं. मी काय म्हणतोय ते तिला पुरतं कळलं. ती मला चार शब्द ऐकवील म्हणून मी मान खाली घालून तयार होतो, पण ती काहीच बोलली नाही. आपलं गाठोडं उचलून ती मागे गेली आणि पोत्यांच्या ढिगाला टेकून बसली. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. शास्त्र होतं, आणि शास्त्र सांगायचं माझं काम होतं. दोन्ही आत्या मागे बसल्या आणि आमची ‘चिमणी’ निघाली.

या गोष्टीला आता तीस वर्षं झाली. ‘चिमणी’ हे गलबताचं नाव. सोळा वल्ही, एक शीड, एक तोफ. रवळूचं लग्न मोर्वलीच्या नारोबा सारंगाच्या मुलीशी, मथूशी, तीन वर्षांपूर्वीच ठरलं होतं, पण दोन मुहूर्त हुकले होते. पहिल्या खेपेला वारा आठ दिवस उलटा वाहत राहिला. दुसऱ्या खेपेला चाच्यांच्या भीतीनं ‘चिमणी’ तीन दिवस एका खाडीत दडून बसली. नारोबा आता इरेला पेटला होता. त्याचा निरोप स्पष्ट होता: या पौर्णिमेच्या गोरज मुहूर्ताला रवळू मांडवात दिसला नाही, तर त्याच मांडवात, त्याच मुहूर्तावर, नारोबाच्या मेहुण्याचा मुलगा बोहल्यावर उभा राहील. तो मुलगा म्हणे आदल्या दिवसापासूनच हळद लावून बसला होता.

मथूचा जीव रवळूवर होता, आणि रवळूचा तिच्यावर. शिवाय दोन्ही हुकलेले मुहूर्त मीच काढून दिलेले होते. माझ्या पंचांगाविषयी गावात लोक हळू आवाजात काहीबाही बोलू लागले होते. तेव्हा ‘चिमणी’ गोरजाच्या आत मोर्वलीला पोचली पाहिजे, ही गरज नवऱ्याइतकीच माझीही होती. मी सूर्योदयालाच घटिकापात्र मांडलं. ते म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यात ठेवली की हळूहळू भरते, आणि भरून बुडाली की एक घटिका झाली असं समजायचं. वाटीवरची नजर मी ढळू दिली नाही.

सकाळचा मतलई वारा छान होता. फाल्गुनात आमच्या किनाऱ्यावर दोन वारे असतात. पहाटेपासून जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई. ऊन चढलं की तो पडतो. मग थोडा वेळ शीड नुसतं लोंबत राहतं, आणि त्यानंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो. मतलईवर अर्धी वाट आणि खाऱ्या वाऱ्यावर उरलेली, असा रवळूचा हिशोब होता.

सहावी घटिका भरत आली असताना एका भूशिरामागून ते जहाज बाहेर आलं.

तीन डोलकाठ्या होत्या. एका बाजूच्या तोफा मी मोजायला लागलो आणि नवापर्यंत येऊन थांबलो. गोऱ्या टोपीकराचं जहाज होतं. सरकारी आरमाराचं नव्हे, खाजगी. त्या कप्तानाजवळ त्याच्या राजाचा एक कागद होता, की शत्रूची गलबतं खुशाल धरावीत आणि माल आपसांत वाटून घ्यावा. शत्रू कोण ते ठरवायचं काम राजानं कप्तानावरच सोपवलेलं दिसत होतं. त्या महिन्यात त्यानं आमच्या किनाऱ्यावरची सात गलबतं धरली होती. माल घ्यायचा, गलबत जाळायचं आणि माणसं दूरदेशी नेऊन विकायची, असा त्याचा रिवाज होता.

पहिला गोळा आमच्या पुढ्यात पाण्यात पडला. माझ्यासकट सगळे भिजले.

“शीड उतरवा!” जहाजाच्या कठड्यावरून एक काळासावळा माणूस ओरडला. तो दुभाष्या होता. “गलबत जवळ हाडा! एकेक माणूस वर येवंदे! नायतर बुडयतलव!”

रवळूनं शीड उतरवायला सांगितलं. पळण्यात अर्थ नव्हता. ते जहाजही आपली शिडं आडवी करून, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर थांबलं. मी रवळूच्या तोंडाकडे पाहिलं. पहाटेपासूनचं हसू पहिल्यांदाच मावळलं होतं.

“वारो पडापर्यंत येळ काढूक व्हयो,” तो माझ्या कानाशी पुटपुटला. “घटकाभर तरी. वारो पडलो की ता जहाज म्हशीसारख्या बसतला. आमका वल्ही आसत. तेच्या पाठसून जावया. पाठीक तेका तोफो नायत.”

“आणि तोवर काय करायचं?”

“तोफ पुढे हाडूची.” मग त्यानं कठड्यावरच्या दुभाष्याकडे पाहिलं. त्या माणसाला आमची भाषा येत होती. तोफ हा शब्द मोठ्यानं उच्चारणं धोक्याचं होतं. पण खलाशांचा शब्द त्याला कुठून ठाऊक असणार? रवळू मागे वळला आणि मोठ्यानं म्हणाला, “आत्या पुढे!”

पिछाडीला यसूआत्या उठून उभी राहिली.

तोफेकडे धावलेले चौघे खलाशी जागच्या जागी थिजले. आत्येनं पदर खोचला. गलबताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती ताठ मानेनं चालत आली. वल्ह्यांवर बसलेल्यांच्या मधून, मुंडावळ्या लावलेल्या नवरदेवाच्या अगदी समोरून. मी तिला अडवायला हात वर केला, तो तसाच राहिला. रवळूनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ती नाळेवर चढली आणि कमरेवर हात ठेवून त्या नऊ तोफांकडे तोंड करून उभी राहिली.

“कोण रे तो वरडता?”

“मी दुभाष्या,” तो माणूस म्हणाला. “कप्तान सांगता की...”

“कप्तानाचा मागसून बघू. तू खंयचो?”

तो गडबडला. “वेंगुर्ल्याचो.”

“वेंगुर्ल्यात खंय?”

“बंदरार.”

“नाव काय?”

“पेद्रू.”

“कोणाचो पेद्रू?”

आमच्या मुलखात या प्रश्नाचं उत्तर न देता सुटलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पेद्रूनं कप्तानाकडे पाहिलं, आपल्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, “नातालिणीचो.”

“सुकी मासळी, सुंगटा विकता ती? डाव्या पायान लंगडता ती?”

“होय.”

“मेल्या!” तो शब्द समुद्रावर असा फुटला की टोपीकराचे दोन गोलंदाज दचकले. “तुझी आवस चार वर्सा तुझ्या नावान मेणबत्ती लावता! माझ्या पदरात तोंड घालून रडली ती बाय! आणि तू हय ह्येंचा उष्टा खावन आमकाच बुडवतस?”

पेद्रूचा चेहरा पडला. कप्तान हा लालबुंद, दांडगा माणूस होता. त्यानं पेद्रूला काहीतरी दरडावून विचारलं. पेद्रूनं क्षणभर विचार केला आणि त्याच्या भाषेत लांबलचक उत्तर दिलं. ते ऐकून कप्तानानं चक्क टोपी काढली आणि आत्येला कमरेत वाकून मुजरा केला. पेद्रूनं काय सांगितलं होतं ते आम्हाला संध्याकाळी कळलं. ही या किनाऱ्याची राणी आहे, असं त्यानं सांगितलं होतं. तिचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबलं तर तिच्या सुटकेसाठी हवं ते मिळेल.

मग काय, बोलणं पुरं कशाला होतंय! आत्येनं कप्तानाचं नाव विचारलं. त्याला आई आहे का विचारलं. लग्न झालंय का, बायको कुठे असते, ती एकटी कशी राहते, पोरं किती, आणि पोरांना बाप आठवतो तरी का, हेही विचारलं. पेद्रू दोन्हीकडचं भाषांतर करत होता आणि मधूनच डोळे पुसत होता. माझी सातवी घटिका बुडाली. मी वाटी उपसून पुन्हा ठेवली.

मागे खलाशी पोती उपसत होते. अखेर तोफ मोकळी झाली. तिला एका सतरंजीत गुंडाळून, आजारी माणसाला न्यावं तसं चौघांनी हळूहळू पुढे आणलं.

“ता काय?” पेद्रूनं विचारलं.

“माझी धाकटी भैण,” आत्या मागे न पाहताच म्हणाली. “आजारी आसा. उगाच बोलत नाय ती.”

मी हे ऐकलं, पण त्या घाईत माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. माझं सगळं लक्ष जहाजाच्या शिडांकडे होतं. ती एकदा फडफडली, दुसऱ्यांदा फडफडली, आणि वाळत घातलेल्या धोतरांसारखी खाली लोंबू लागली. मतलई पडला होता.

“वल्ही!” रवळू गरजला.

सोळा वल्ही एकदम पाण्यात पडली. ‘चिमणी’ जागच्या जागी गर्रकन फिरली आणि त्या धुडाच्या कडेकडेनं मागे सुटली. कप्तान ओरडला. नवापैकी पाच तोफा कडाडल्या, पण आम्ही इतके खेटून होतो की सगळे गोळे डोक्यावरून गेले. मी तांदळाच्या पोत्यामागे आडवा पडलो, घटिकापात्र पोटाशी धरून. खरं सांगायचं तर रामरक्षेची दुसरी ओळ मला त्या वेळी आठवेना.

जहाजाच्या पाठीशी आलो. वर काचेच्या खिडक्या होत्या, खाली भलंमोठं सुकाणू. तोफ एकही नाही, पण वरून बंदुका सुरू झाल्या. एक गोळी रवळूच्या फेट्यातून आरपार गेली. पाटलू नावाच्या खलाशाच्या दंडाला चाटून एक गेली. रवळूनं स्वतः तोफ सुकाणूवर रोखली आणि बत्ती दिली.

फुस्स.

पहाटेपासून पोत्यांखाली पडून बत्तीची दारू ओलसर झाली होती. तोफ तिथे न्यायला मी लावली होती. वर दहा-बारा बंदुका पुन्हा भरल्या जात होत्या. रवळूनं घाईनं कोरडी दारू ओतली.

यसूआत्या अजून नाळेवरच होती. ती वाकली आणि तोफेच्या पाठीवर तिनं एक थाप मारली. “बोल गो बाये,” ती म्हणाली. “आता बोल.”

तोफ बोलली. ‘चिमणी’ चार हात मागे सरकली. धूर निवळला तेव्हा सुकाणूच्या वरच्या बिजागऱ्या तुटून ते एका अंगाला लोंबत होतं. दुसऱ्या गोळ्यानं ते सुटून पाण्यात पडलं. तिसरा कप्तानाच्या खोलीतून आत गेला आणि जेवणाची भांडी फुटल्याचा मोठा आवाज आला.

आणि मग खारा वारा सुटला. समुद्रावरून किनाऱ्याकडे, नेहमीच्या वेळेला. सुकाणू नसलेलं ते अजस्र जहाज त्या वाऱ्यानं आडवं होऊन किनाऱ्याच्या खडपाकडे सरकू लागलं. त्यांनी कसेबसे दोन नांगर टाकले. जहाज खडकांपासून दोरीभर अंतरावर जाऊन अडकलं. ना पुढे जाता येत होतं, ना वळता येत होतं, आणि पाठीशी आमची ‘चिमणी’ चौथा गोळा भरून उभी होती. तोफांचे आवाज ऐकून आसपासच्या वाड्यांमधून चाळीस होड्या निघाल्या होत्या.

कप्तानानं निशाण उतरवलं. एका लहान होडीतून पेद्रूला घेऊन तो स्वतः आला. ‘चिमणी’वर चढून त्यानं कोणाकडे पाहिलंही नाही. तो थेट आत्येसमोर गेला, गुडघ्यावर बसला आणि आपली तलवार दोन्ही हातांनी तिच्या पुढे धरली.

आत्येनं ती उलटसुलट करून पाहिली. “नारळ सोलूक बरी आसा,” ती म्हणाली. मग पेद्रूकडे वळली. “आणि तू पयलो घराक जा. न्हय, आधी लग्नाक चल. जेवन मगे जा.”

जहाज होडीवाल्यांच्या ताब्यात देऊन आम्ही शीड चढवलं. माझं घटिकापात्र चेपलं होतं, पण भोक शाबूत होतं. तरी मधल्या किती घटिका गेल्या ते मला सांगता येईना. वाटेत रवळू दर घटकेला सूर्याकडे पाहत होता. आत्या मात्र पुन्हा पिछाडीला जाऊन बसली होती. कोणी सांगितलं नव्हतं. ती आपणहूनच गेली.

मोर्वलीचा मांडव खाडीच्या काठावरच होता. आम्ही पोचलो तेव्हा गुरं घरी परतत होती. मेहुण्याचा मुलगा पाटावर बसलेला होता, मुंडावळ्यांसकट. नारोबा सारंगानं रवळूच्या फेट्याला पडलेलं भोक पाहिलं, मागून चालत आलेला पेद्रू पाहिला, आणि त्या मुलाला दंडाला धरून पाटावरून उठवलं.

अंतरपाट धरला गेला. पलीकडे मथू उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मी शेवटची वाटी पाण्यात सोडली. ती अर्धी भरली. तेवढ्यात रवळूनं मान वळवून मांडवात इकडेतिकडे पाहिलं. शेवटी त्याला दिसली. मांडवाच्या बाहेर, गोठ्याच्या खांबाआड यसूआत्या उभी होती.

रवळूनं छाती भरून श्वास घेतला आणि भर मांडवात ओरडला, “आत्या पुढे!”

नारोबाच्या कपाळाला आठी पडली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या आणि मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. सकाळी जे मी इतक्या सहज बोललो होतो, ते आता ओठांवर येईना.

तेवढ्यात खाडीतून प्रचंड आवाज झाला. धडाम!

गलबतावर राखणीला ठेवलेल्या दोघा खलाशांनी तांडेलाचा हुकूम ऐकला होता. तोफ आधीच पुढे होती, म्हणून त्यांनी ताबडतोब बत्ती दिली होती. मांडवावरची माडाची झापं हलली. मेहुण्याच्या मुलानं थेट गोठ्यात धाव घेतली. खांबाआडून यसूआत्या पुढे झाली आणि खाडीच्या दिशेनं, वायंगड्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “मेल्यांनू, तिका न्हय! माका बोलावल्यान!”

मांडवातल्या खलाशांची तोंडं उघडी पडली. रवळू तिच्याकडे बघतच राहिला. मीही बघत राहिलो. म्हणजे तिला ठाऊक होतं. तोफेचं नाव ठाऊक होतं, पहिल्यापासून. सकाळी ‘आत्या पुढे’ म्हटलं ते कोणाला, हेही तिला त्याच क्षणी कळलं होतं. तरी ती उठली आणि पुढे गेली. आयुष्यात तिला पुढे ये असं आजवर कोणी म्हटलंच नव्हतं. ती हाक दुसरीसाठी होती, पण तिनं ती घेतली, आणि आम्हा सगळ्यांचे जीव वाचवले.

माझे डोळे भरून आले. मला स्वतःची लाज वाटली.

“यसूआत्या,” मी म्हणालो, “या, पुढे या. अंतरपाट धरायला एक हात कमी पडतोय.”

हात कमी पडत नव्हता. दोन टोकांना दोन धडधाकट माणसं होती. त्यातल्या एकानं माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप आपलं टोक सोडलं. आत्या आली. ते टोक तिनं दोन्ही हातांनी असं घट्ट धरलं, की वादळातही ते सुटलं नसतं. माझ्याकडे तिनं एकदा पाहिलं. काही बोलली नाही, दिवसभरात दुसऱ्यांदा.

वाटी बुडाली. मी सावधान म्हणालो.

“भटजी, असं कुठल्या पंचांगात लिहिलंय?” जेवताना नारोबानं मला हळूच विचारलं.

“बघून सांगतो,” मी म्हणालो. तीस वर्षं झाली, अजून बघतोच आहे.